शुद्धिपत्राच्या भरवशावर

मक्याचं कणीस सोलताना हाताला जे रेशमी केस लागतात, ते आपण ओढून टाकून देतो. खरं तर त्यातला एकेक केस म्हणजे एकेका दाण्याकडे जाणारी वाट असते. कोवळ्या कणसावर जितकी बीजांडं, तितके केस. झाडाच्या शेंड्यावरच्या तुऱ्यातून उडालेला परागकण केसाला चिकटतो, तिथून एक बारीक नळी काढतो आणि कधी कधी वीतभर अंतर कापून केसाच्या मुळाशी असलेल्या बीजांडापर्यंत पोचतो. ज्या केसावर पराग पडलाच नाही, त्याच्या मुळाशी दाणा धरत नाही. कणसात तेवढी जागा मोकळी राहते आणि शेजारचे दाणे तिथे अंग पसरतात.

म्हणजे कणीस हे एकत्र कुटुंब आहे. चारशे दाण्यांचं कणीस असेल तर ती चारशे भावंडं, एका आईची, पण प्रत्येकाच्या वाट्याला परागकण वेगळा. वाटाण्याच्या शेंगेत फार तर आठ-दहा भावंडं एका जागी दिसतात. मक्याच्या कणसात ती शेकड्यांनी, ओळीत उभी राहून मोजून घ्यायला तयार असतात. आनुवंशिकीच्या अभ्यासकांना मक्याचा इतका लळा लागला त्याचं हे एक मोठं कारण.

या कुटुंबात कधी कधी वेगळ्याच प्रकारची उणीव दिसते. जागा रिकामी नसते, दाणा धरलेला असतो, पण तो बसका, सुरकुतलेला, पांढुरका. नखाने दाबला की टरफल आत जातं. आत पीठ नाही, अंकुर नाही. भाताच्या लोंबीत असा दाणा निघाला तर कोकणात त्याला पळींज म्हणतात. देशावर म्हणतात पोचट. शेतातल्या पोचट दाण्यांची कारणं बहुतेक वेळा बाहेरची असतात: ऐन फुलोऱ्यात पाणी तुटलं, खोडकिडा लागला, उन्हाचा तडाखा बसला. अशा वेळी नुकसान सरसकट होतं, किंवा कणसाच्या शेंड्याकडे गोळा होतं.

पण संशोधकांच्या वाफ्यात, पाणी-खत वेळेवर दिलेल्या झाडावर, पोचट दाणे कणीसभर विखुरलेले दिसू लागले तर माणूस मोजायला बसतो. चारशे दाण्यांत शंभराच्या आसपास पोचट निघाले की त्याला कळतं, हा हवामानाचा दोष नव्हे. चारात एक हे प्रमाण म्हणजे मेंडेलची सही. आई-बापाकडे एखाद्या जनुकाची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत आहे, आणि ज्या भावंडांच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या, ती भरलीच नाहीत.

अमेरिकेत मायरन न्यूफर आणि विल्यम शेरिडन यांनी १९८० साली अशा दाण्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. जनुकांत बिघाड घडवणारं रसायन खनिज तेलात मिसळून त्यांनी त्यात मक्याचे परागकण भिजवले, ते पराग केसांवर लावले आणि पुढच्या पिढ्यांची कणसं तपासली. सदोष दाण्यांचे असे शेकडो प्रकार हाती लागले. त्यांना ‘डिफेक्टिव्ह कर्नल’वरून ‘डेक’ हे नाव पडलं. त्यांच्याच नात्यातल्या, जवळजवळ नुसतं टरफल उरलेल्या दाण्यांना ‘एम्प्टी पेरिकार्प’ म्हणजे ‘रिकामं फलावरण’ म्हणतात, थोडक्यात ‘एम्प’.

दाणा भरत नाही म्हटल्यावर कुणीही हाच अंदाज बांधेल की पीठ बनवणारं जनुक बिघडलं असणार, किंवा साखर आत वाहून नेणारं. काही प्रकारांत तसं निघालंही. पण बिघडलेली जनुकं एकामागून एक ओळखता येऊ लागली, तेव्हा त्यांतली बरीचशी एका भलत्याच घराण्यातली निघाली. पिठाशी त्यांचा थेट संबंध नव्हता. त्यांचं काम होतं पेशीतल्या एका निरोपातलं एक अक्षर दुरुस्त करणं.

शब्दकोश चुकला की मजकूर?

हा निरोप आणि त्यातली चूक समजायला १९८१ सालात जावं लागेल. तिथेही मकाच भेटतो.

पेशीत श्वसनाचं, म्हणजे साखरेतून ऊर्जा काढण्याचं काम मायटोकॉन्ड्रियात चालतं. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. एके काळी या कणिका म्हणजे स्वतंत्र जीवाणू होते. त्या जुन्या संसाराची आठवण म्हणून त्यांच्याकडे आजही स्वतःचा थोडा डीएनए आहे. माणसाच्या तंतुकणिकेत तो १६,५६९ अक्षरांचा असतो. मक्यात तो अघळपघळ पसरलेला आहे, जवळजवळ ५ लाख ७० हजार अक्षरांचा, पण त्यात प्रथिनांची कृती सांगणारी ओळखीची जनुकं जेमतेम तीसएक.

थॉमस फॉक्स आणि ख्रिस्तोफर लीव्हर यांनी मक्याच्या तंतुकणिकेतलं ‘कॉक्स-२’ हे जनुक वाचलं. जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत असतो आणि प्रत्येक शब्द एका अमिनो आम्लाचं नाव सांगतो. ‘सीजीजी’ म्हणजे आर्जिनिन, हे साऱ्या जीवसृष्टीच्या शब्दकोशात ठरलेलं. पण या जनुकात ज्या जागी इतर प्राणिमात्रांच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन असतं, नेमक्या त्याच जागी मक्याने ‘सीजीजी’ लिहिलं होतं. दोघांनी निष्कर्ष काढला की वनस्पतींच्या तंतुकणिकांत ‘सीजीजी’चा अर्थ ट्रिप्टोफॅन असावा. तर्क वावगा नव्हता. माणसाच्या तंतुकणिकेतही एक-दोन शब्दांचे अर्थ बाहेरच्यापेक्षा वेगळे आहेत, हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. वनस्पतींचीही अशी एक बोली असेल, हे सगळ्यांना पटलं.

आठ वर्षांनी बोलीचा हा सिद्धांत कोसळला. १९८९ साली कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये मायकेल ग्रे आणि पॅट्रिक कोव्हेलो यांनी, फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गच्या एका गटाने आणि बर्लिनमध्ये अ‍ॅक्सेल ब्रेनिके यांच्या गटाने स्वतंत्रपणे एक साधी गोष्ट केली. डीएनए वाचून न थांबता त्यांनी त्यावरून निघालेली आरएनएची प्रतही वाचली. डीएनए हा तिजोरीतला मूळ दस्त. प्रथिन बनवायला जी नक्कल बाहेर येते ती आरएनए. नक्कल मुळाबरहुकूम असावी अशी अपेक्षा. पण इथे मुळात जिथे ‘सी’ होता, तिथे नकलेत ठिकठिकाणी ‘यू’ आला होता. ‘सीजीजी’चं ‘यूजीजी’ झालं होतं, आणि ‘यूजीजी’ म्हणजे तर साऱ्या सृष्टीत ट्रिप्टोफॅनच. शब्दकोश बरोबर होता. चूक मजकुरात होती, आणि वाचण्यापूर्वी कुणीतरी ती सुधारत होतं.

आरएनएची नक्कल अशी बदलता येते हे त्याआधी तीन वर्षं, १९८६ साली, रॉब बेने आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये दाखवलं होतं, पण ते ट्रिपॅनोसोम नावाच्या एकपेशीय परजीवींत. त्यांनीच या प्रकाराला ‘आरएनए एडिटिंग’, म्हणजे आरएनए-संपादन, हे नाव दिलं. वनस्पतींत तो प्रकार अपवादाचा नसून रोजच्या व्यवहाराचा निघाला. अरॅबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाच्या तंतुकणिकांत, प्रथिनांच्या मजकुरात ४४१ ठिकाणी ‘सी’चा ‘यू’ होतो. भातात ४९१ ठिकाणी. हरितलवकांतही हेच चालतं, पण तिथे जागा मोजक्या. १९९१ साली मक्याच्याच हरितलवकात एक जनुक असं सापडलं, की त्याचा पहिला शब्दच चुकलेला. ‘एयूजी’ असायला हवं तिथे ‘एसीजी’. ‘एयूजी’ म्हणजे श्रीगणेशा. तो नसेल तर प्रथिन बनवणाऱ्या यंत्राला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

जुनी मराठी पुस्तकं चाळणाऱ्यांना शुद्धिपत्र ठाऊक असतं. फर्मे छापून झाले, मग चुका ध्यानात आल्या. मग शेवटी एक पान जोडायचं आणि वाचकाला विनवायचं की वाचण्यापूर्वी एवढं दुरुस्त करून घ्यावं. वनस्पतीची तऱ्हा याच जातीची, पण कमालीची चिकाटीची. खिळे चुकीचे जुळले आहेत ते तसेच राहू द्यायचे, आणि छापून निघणाऱ्या प्रत्येक प्रतीवर, प्रत्येक वेळी, हाताने दुरुस्ती करायची. शेकडो जागी, रोज, जन्मभर.

एका ‘सी’साठी एक माणूस

आता प्रश्न असा की हजारो ‘सी’ असताना दुरुस्त करायचा नेमका ‘सी’ ओळखतं कोण? दुरुस्तीच्या जागा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या तर त्यांच्या आगेमागे कसलीच सामाईक खूण दिसेना. याचा अर्थ प्रत्येक जागेसाठी वेगळा ओळखणारा हवा, आणि असे शेकडो ओळखणारे पेशीला परवडतील हे कुणाला खरं वाटत नव्हतं.

२००० साली अरॅबिडोप्सिसचा सगळा डीएनए वाचून होत आला होता. त्याच्या याद्या चाळताना इयन स्मॉल आणि नेमो पीटर्स यांना प्रथिनांचं एक अवाढव्य घराणं दिसलं. त्यातल्या प्रत्येक प्रथिनात सुमारे ३५ अमिनो आम्लांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येत होता. त्याला नाव मिळालं ‘पेंटाट्रायकोपेप्टाइड रिपीट’, म्हणजे ‘पस्तिसांची आवृत्ती’. जीभ वळत नाही म्हणून सगळे पीपीआर म्हणतात. माणसात या घराण्याची प्रथिनं सात आहेत. त्या इवल्याशा रोपात साडेचारशे. आणि बहुतेकांवर पत्ता लिहिलेला होता तंतुकणिकेचा किंवा हरितलवकाचा.

२००५ साली जपानमधल्या एका गटाने दाखवलं की ‘सीआरआर-४’ नावाचं पीपीआर प्रथिन नसेल तर हरितलवकातल्या एका जनुकाच्या श्रीगणेशाची दुरुस्ती होत नाही. बाकी सगळ्या दुरुस्त्या सुरळीत. अडलेली एवढी एकच. न परवडणारी व्यवस्था प्रत्यक्षात चालू होती.

ही प्रथिनं अक्षर कसं ओळखतात ते पाहण्यासारखं आहे. पस्तिसांचा एक तुकडा घडी पडून चिमट्यासारखा होतो. असे दहा-पंधरा चिमटे एकाला एक लागून बसले की स्प्रिंगसारखी वळत गेलेली पन्हळ तयार होते. आरएनएचा धागा त्या पन्हळीत बसतो आणि एक चिमटा एक अक्षर पकडतो. कोणता चिमटा कोणतं अक्षर धरणार, हे त्यातली दोनच अमिनो आम्लं ठरवतात, पाचव्या आणि पस्तिसाव्या जागेवरची. तिथे थ्रिओनिन आणि अ‍ॅस्पार्टेट असेल तर पसंती ‘जी’ला, थ्रिओनिनच्या जागी अ‍ॅस्पॅरजिन आलं की पसंती ‘यू’कडे वळते. ही गुरुकिल्ली २०१२ साली अ‍ॅलिस बार्कन, इयन स्मॉल आणि सहकाऱ्यांनी उलगडली. शेवटचा चिमटा जे अक्षर धरतो त्याच्या पुढे चार घरं मोजली की तो चुकलेला ‘सी’ येतो.

अनेक पीपीआर प्रथिनांना या पन्हळीच्या टोकाशी एक शेपूट असतं. त्याचं नाव ‘डीवायडब्ल्यू’, कारण ते बहुधा याच तीन एकाक्षरी खुणांच्या अमिनो आम्लांवर संपतं. दुरुस्तीचं हत्यार हेच. शेपटात जस्ताचा एक अणू धरलेला असतो. त्याच्या मदतीने पाण्याचा रेणू ‘सी’वर चाल करतो, त्याच्यावरचा नायट्रोजनचा एक छोटा गट सुटून जातो, त्या जागी ऑक्सिजन येतो, आणि ‘सी’चा ‘यू’ होतो. आरएनएचा धागा कुठेही तुटत नाही, अक्षर काढून नवं बसवलं जात नाही. ‘दिन’ची वेलांटी बदलून ‘दीन’ करावं तेवढाच फरक. पण अर्थ पार बदलतो.

सगळ्यांकडे हे शेपूट नसतं. काहींना जागा ओळखता येते पण हत्यार नाही. ते दुसऱ्या प्रथिनाकडून उसनं घ्यावं लागतं. शिवाय पन्हळीला आधार देणारी ‘मॉर्फ’ नावाची वेगळीच प्रथिनं असतात. म्हणजे एका अक्षरासाठी एकटा माणूस नाही, एक छोटी टोळी येते. पण जागेची नक्की खूण ठाऊक असलेला वाटाड्या पीपीआरच.

टरफल आईचं, ऐवज मुलाचा

आता परत त्या पोचट दाण्याकडे येऊ.

‘एम्प-५’ या दाण्यात बिघडलेलं जनुक २०१३ साली बाओत्साय तान आणि सहकाऱ्यांनी ओळखलं. म्युटेटर नावाचं एक उडतं जनुक त्यात घुसून बसलं होतं. उडती जनुकं शोधली बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी, तीही मक्याच्याच दाण्यांवरचे ठिपके वाचून. १९८३ चं नोबेल त्यासाठीच. ‘एम्प-५’ हे जनुक शेपटाचं पीपीआर प्रथिन बनवतं. ते नसलं की तंतुकणिकेतल्या ‘आरपीएल-१६’ या जनुकाच्या नकलेत ४५८ व्या अक्षराची दुरुस्ती पूर्ण थांबते. निरोगी दाण्यात ही दुरुस्ती शंभर टक्के होत असते. आणखी नऊ जागांची दुरुस्ती मंदावते. या संशोधकांनी भातातलं याचंच भावंड-जनुक दाबून पाहिलं, तेव्हा रोपं मंद वाढली आणि दाणे सदोष निघाले.

दुसरं उदाहरण ‘स्मॉल कर्नल-१’चं. शांघाय विद्यापीठातल्या रनताओ सोंग यांच्या गटाने २०१४ साली ते मांडलं. इथे तर एकाच जागेचा प्रश्न: ‘नॅड-७’ जनुकातलं ८३६ वं अक्षर. तेवढा एक ‘सी’ ‘सी’च राहिला की दाणा खुरटतो आणि अंकुर वाढायचा थांबतो. भातातही हेच जनुक हेच काम करतं. कोरियन संशोधकांनी २००९ मध्ये भातात ‘ओजीआर-१’ नावाचं आणखी एक पीपीआर जनुक दाखवलं. ते बिघडलं की तंतुकणिकेच्या पाच जनुकांतल्या सात दुरुस्त्या अडतात. दाणा पारदर्शक न राहता खडूसारखा अपारदर्शक होतो आणि त्यातून उगवलेलं रोप बुटकं राहतं.

एका अक्षराने एवढा अनर्थ का व्हावा? ‘नॅड-७’ हा श्वसनसाखळीतल्या पहिल्या मोठ्या यंत्राचा, ‘कॉम्प्लेक्स-वन’चा, एक भाग बनवतो. वनस्पतींत या यंत्राचे नऊ भाग तंतुकणिकेच्या स्वतःच्या जनुकांवरून बनतात, बाकीचे केंद्रकाकडून येतात, आणि सगळे एकमेकांत खोबणी-कुसूसारखे बसावे लागतात. चुकीचं अमिनो आम्ल आलं की कुसू बसत नाही आणि यंत्राची जुळणीच बिघडते. अशा वेळी पेशी आडवाट धरते. ‘ऑल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज’ नावाचं एन्झाइम वाढवून श्वसन चालू ठेवते, पण त्या वाटेने साखर जळते जास्त आणि पदरात ऊर्जा पडते कमी. गळक्या घागरीने पाणी भरावं तसं.

गंमत अशी, की गळक्या घागरीवर संसार करणाऱ्या वनस्पतीही आहेत. तंबाखूच्या एका जंगली जातीच्या उत्परिवर्तित रोपात ‘नॅड-७’ हे जनुकच उडालेलं आहे. ते हळू वाढतं, पराग नीट देत नाही, पण जगतं. युरोपातलं बांडगूळ, म्हणजे मिसलटो, यापुढे गेलंय: त्याच्याकडे ‘कॉम्प्लेक्स-वन’ मुळीच उरलेलं नाही, हे २०१८ मध्ये दिसून आलं. मग मक्याच्या दाण्यालाच ते का सोसवत नाही?

कारण दाण्याला थांबायची सवड नसते. परागनळीतून दोन पुंपेशी येतात. एक अंडपेशीशी मिळून अंकुराची सुरुवात करते. दुसरी आईच्या दोन केंद्रकांशी मिळून भ्रूणपोष घडवते. त्याचंच पुढे पीठ होतं, जे आपण दळतो. हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली कीवमध्ये पाहिलं. भ्रूणपोषाच्या तळाशी, दाणा जिथे कणसाला चिकटतो तिथे, पेशींचा एक खास थर असतो. त्यांच्या भित्तिका आतून झालरीसारख्या दुमडलेल्या असतात, म्हणजे आईकडून येणारी साखर घ्यायला जागा जास्त मिळावी. त्या तंतुकणिकांनी ठासून भरलेल्या असतात. थोड्या आठवड्यांत मूठभर कणसाला शेकडो दाणे भरायचे असतात आणि या काळात या थराला ऊर्जेची ओढ सर्वांत जास्त. पान कमी ऊर्जेवर रेंगाळू शकतं. भरणारा दाणा रेंगाळला तर झाड वाळतं, हंगाम सरतो.

हरितलवकातली दुरुस्ती अडली तर मक्यात चित्र बहुधा वेगळं दिसतं. दाण्याला सूर्यप्रकाश लागत नाही, अन्न आईकडून येतं. म्हणून दाणा टपोरा भरतो, पेरला तर उगवतोही. पण रोप फिकं किंवा पांढरं निघतं, दाण्यातली शिदोरी पुरेल तोवर दोन-तीन पानं काढतं आणि मरतं. एक दोष दाण्यात कळतो, दुसरा पेरल्यावर.

या सगळ्यात आई कुठे आहे? ती तर धडधाकट असते. तिच्याकडे चांगली एक प्रत आहे आणि तेवढी पुरते. दाण्याचं बाहेरचं टरफल हा तिच्याच शरीराचा भाग, म्हणून ते व्यवस्थित घडतं. ‘रिकामं फलावरण’ या नावाचा अर्थ इथे खरा कळतो. आई साखर पाठवते, पाणी पाठवते, घर बांधून देते. तंतुकणिकाही सगळ्या तिच्याच, वडिलांकडून त्या येत नाहीत; म्हणजे चुकलेले खिळेसुद्धा तिचेच. पण शुद्धिपत्राचं जनुक असतं केंद्रकात, आणि दाण्याचं केंद्रक दोघांच्या प्रतींनी बनतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तर तो दुरुस्ती करणारा दाण्याच्या पेशीत जन्मालाच येत नाही. आई त्याला शेजारून धाडू शकत नाही. बाहेर भरलेलं घर, आत वस्ती नाही.

मूळ प्रतच का सुधारत नाहीत?

एवढा खटाटोप करण्यापेक्षा डीएनएमधलाच ‘सी’ बदलून टाकावा, हे कुणाच्याही मनात येईल. एकदाच सुधारा, सुटा. आणि तसं करणाऱ्या वनस्पती आहेतही. ओल्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर पसरणाऱ्या मार्कांशिया या लिव्हरवर्टने हा सगळा कारभारच गुंडाळला आहे. त्याच्यात आरएनए-संपादन नाही. उलट सेलाजिनेला या नेच्यांच्या लांबच्या नातेवाइकात दुरुस्तीच्या जागा हजारांवर गेल्या आहेत. पाण्यातल्या हिरव्या शेवाळांत हा प्रकार दिसत नाही. म्हणजे ही सवय वनस्पती जमिनीवर आल्या त्या सुमाराला लागली असावी.

सवय लागते कशी, याचं उत्तर ग्रे आणि कोव्हेलो यांनीच १९९३ साली सुचवलं. ते पचायला थोडं जड आहे, कारण त्यात कुणाचाच फायदा नाही. आधी असं एखादं प्रथिन योगायोगाने अवतरतं, ज्याला इथला-तिथला ‘सी’ ‘यू’ करता येतो. त्याची गरज कुणालाच नसते. पुढे डीएनएमध्ये एक चूक होते: त्या जागी ‘सी’ येतो. एरवी अशी चूक झाडाला भोवली असती, पण आता ती वाटेत सुधारली जाते, म्हणून खपून जाते. मग दुसरी चूक, तिसरी. शुद्धिपत्र निघणारच आहे म्हटल्यावर खिळे जुळवणाऱ्याचा हात सैल पडतो. आणि एक दिवस असा येतो की ते बिनकामाचं प्रथिन काढून टाकायची सोय उरत नाही. काढलं तर दाणा मरतो. गरजेतून उपाय आला असं घडलेलंच नाही. आधी उपाय होता, त्याने गरज निर्माण केली.

परतीची वाटही सोपी नाही. चारशे जागा सुधारायच्या तर चारशे वेगवेगळे योगायोग घडावे लागतील. एखाद-दुसरा घडतो, वेगवेगळ्या वनस्पतींत काही जागा अशा सुटून गेलेल्या दिसतात. पण तोवर बाकीचे दुरुस्ती करणारे कामावर हवेतच. निसर्ग काटकसरी, नेटका आहे असं आपण सहज म्हणून जातो. पोचट दाणा ते खोडून काढतो. अनेक दुरुस्त्या एकमेकींवर टेकून उभ्या आहेत आणि त्यातली एक सरकली की कळतं, भार तिच्यावरही होता.

घराण्याची बाकीची माणसं

पीपीआर घराण्यातले सगळेच अक्षरं सुधारत नाहीत. कुणी आरएनएमधला नको असलेला तुकडा कापायला मदत करतं, कुणी नकलेचं टोक झिजू देत नाही, आणि कुणी घातक निरोपाचं तोंड बंद करतं. हे शेवटचे आपल्या ताटापर्यंत आले आहेत. तंतुकणिकेतल्या एखाद्या विचित्र जनुकामुळे काही झाडांत पराग वांझ होतो. अशा ओळी संकरित बियाण्यासाठी सोन्यासारख्या, कारण मादी झाडाचे तुरे हाताने खुडावे लागत नाहीत. मात्र शेतकऱ्याच्या शेतात दाणा भरायचा तर पराग परत सुपीक करणारं जनुक बापाकडून यावं लागतं. पेट्युनियात २००२ साली असं जनुक सापडलं, ते पीपीआर होतं. मुळ्यात आणि भातातही तेच निघालं, आणि ज्वारीतल्या अशाच एका जनुकाचा मागही याच घराण्यापर्यंत गेला. महाराष्ट्रात जिला नुसतं ‘हायब्रीड’ म्हणून ओळखतात ती ज्वारी, १९६४ च्या ‘सीएसएच-१’पासून, परागवांझ आई आणि सुपीकता परत आणणारा बाप याच जोडीवर उभी आहे.

अक्षर ओळखण्याची गुरुकिल्ली हाती आल्यावर माणसाने स्वतःचे चिमटे जुळवून पाहणं ओघानेच आलं. शेवाळीसारख्या एका मॉसमधली दोन संपादक प्रथिनं २०१९ मध्ये ई. कोलाय जीवाणूत घातली, तर ती तिथे एकटीने काम करू लागली. २०२१ मध्ये इयन स्मॉल यांच्या गटाने कागदावर आखून घडवलेलं एक कृत्रिम पीपीआर प्रथिन अरॅबिडोप्सिसच्या हरितलवकात ठरवलेला ‘सी’ सुधारताना दिसलं. निसर्गात योगायोगाने जमलेली टोळी आता मागणीनुसार जमवता येऊ लागली आहे, निदान प्रयोगशाळेत.

पण या विषयातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट याहून साधी आहे. ‘एम्प-५’चा दाणा जवळजवळ कधीच उगवत नाही, मग त्याचं बियाणं संशोधक जपतात कसं? पोचट दाणे पाकिटात घालून उपयोग नाही. ते त्याच कणसातली टपोरी भावंडं निवडतात. तीनातल्या दोघांकडे बिघडलेली एक प्रत लपलेली असते, एकाकडे नसते, आणि नुसतं पाहून ते कळत नाही. म्हणून सगळे टपोरे दाणे पेरायचे. तुरा आला की कणसावर आणि तुऱ्यावर कागदी पिशव्या बांधायच्या, आणि प्रत्येक झाडाचा पराग त्याच झाडाच्या केसांवर झटकायचा. मग दोन-अडीच महिने थांबायचं. काढणीला पानं बाजूला सारून एकेक कणीस पाहायचं: हे पूर्ण भरलेलं, ठेवून द्या. आणि हे पुढचं, चारात एक दाणा बसका. हेच हवं होतं. त्यातले टपोरे दाणे सोलायचे, पुढच्या हंगामासाठी.